दुकान वाढवू या : संदर्भ, हातवारे आणि यंत्राची भाषा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो. ‘संदर्भ, अनेक माध्यमं आणि माणसाची व संगणकाची भाषा.’ म्हणून एका फोनपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी माझ्या आत्याचा फोन आला. ती गावी एकटी राहते. यजमानांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, वर्षश्राद्धाची तयारी चालली होती. दहा-बारा मिनिटं आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतो. मग मध्येच ती म्हणाली, “छातीत भरून आल्यासारखं झालंय रे.” मी म्हटलं, “होणारच गं आत्या. थोडं रडून घे, बरं वाटेल.” ती “हं” म्हणाली. मी फोन ठेवला.

मराठीत ऊर भरून येतो, डोळे भरून येतात, आभाळही भरून येतं. त्यामुळे माझं ऐकणं भाषेच्या दृष्टीनं चूक नव्हतं. मागच्या दहा मिनिटांतला शब्दन् शब्द माझ्या कानात होता आणि त्या शब्दांशी माझा अर्थ अगदी जुळत होता. तोच मला नडला.

त्याच वेळी शेजारच्या वहिनी वाटी परत करायला म्हणून आत्याकडे गेल्या. त्यांनी पाहिलं ते असं : आत्या पलंगाच्या कडेला बसलेली, कपाळावर घाम आणि मूठ छातीच्या मधोमध दाबून धरलेली. वहिनींनी विचारलं, “काकू, नेमकं कुठं होतंय? हात पण दुखतोय का?” आत्या बोलली नाही. मूठ तशीच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं डावा खांदा दाखवला. वहिनींनी लगेच गाडी बोलावली. आत्या वाचली, आजही ठणठणीत आहे. मी दिलेला सल्ला मात्र मला आठवत राहतो.

नंतर एका डॉक्टर मित्राकडून कळलं की त्या मुठीला वैद्यकात नाव आहे. सॅम्युअल लेव्हाइन नावाच्या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाच्या नावानं तिला ‘लेव्हाइन साइन’ म्हणतात. डॉक्टर अर्थातच एवढ्यावर निदान करत नाहीत, पण रुग्ण छातीतलं दुखणं सांगताना एका बोटानं नेमकी जागा दाखवतो, तळवा फिरवतो की मूठ आवळतो, याकडे त्यांचं लक्ष असतं. म्हणजे तो हात बोलण्याची सजावट नव्हता, तो त्या वाक्याचाच भाग होता. आणि वाक्याचा नेमका तेवढा भाग फोनवरून माझ्यापर्यंत पोचला नाही.

हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं : ‘यंत्राला आता संदर्भ कळतो.’ पुढे पुस्तीही जोडलेली असते, ‘आणि आता तर ते बघतं, ऐकतंही.’ समीक्षक कवितेची ओळ तपासतो तसं हे वाक्य आज तपासून बघायचं आहे. ‘संदर्भ’ म्हणजे कुठला संदर्भ? आणि ‘कळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

जुनी यादी

हा प्रश्न संगणकानं निर्माण केलेला नाही. आपल्याकडे तो फार आधी विचारला गेला. भर्तृहरीचा काळ साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासचा. त्याच्या ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात एक यादी येते. एकाच शब्दाचे अनेक अर्थ संभवत असतील, तर त्यातला नेमका कुठला घ्यायचा हे कशावरून ठरतं? भर्तृहरी एकेक कारण मोजतो : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, अर्थ म्हणजे प्रयोजन, प्रकरण, लिंग म्हणजे खूण, दुसऱ्या शब्दाचं सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल, व्यक्ती म्हणजे व्याकरणातलं लिंग, आणि स्वर. शेवटी तो ‘आदी’ म्हणतो, म्हणजे वगैरे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त हीच यादी घेतली आणि तिची उदाहरणं दिली. राम आणि लक्ष्मण असं म्हटलं की राम म्हणजे दशरथाचा मुलगा. हे साहचर्य. पण रामाच्या शेजारी वैरी म्हणून अर्जुन आला, तर तो राम परशुराम आणि तो अर्जुन कार्तवीर्य. हा विरोध. ‘चित्रभानू’ दिवसा म्हटलं तर सूर्य, रात्री म्हटलं तर अग्नी. हा काल. शिवाय ‘सैंधव आण’ हे शास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरण आहेच. जेवायला बसलेला माणूस म्हणाला तर मीठ आणायचं, बाहेर निघालेला म्हणाला तर घोडा.

सैंधव हा शब्द आता आपल्या रोजच्या बोलण्यात नाही. पण आपल्याकडे ‘वाढवणं’ आहे! पगार वाढवतात, दाढी वाढवतात. नारळ मात्र वाढवला की फुटतो, आणि बांगडी वाढवली म्हणजे ती पिचलेली असते. इथपर्यंत शेजारचा शब्द आपल्याला सांभाळून नेतो. आता वाक्य घ्या : ‘दुकान वाढवू या.’ रात्री साडेनऊला, शटरवर हात ठेवून, वडील मुलाला म्हणाले तर त्याचा अर्थ दुकान बंद करू या. दुपारी, कर्जाचे कागद पुढ्यात घेऊन, तेच वडील त्याच मुलाला म्हणाले तर अर्थ बरोबर उलटा. शब्द तेच, बोलणारा तोच, ऐकणाराही तोच. फरक घड्याळात आहे, हाताशी काय आहे त्यात आहे आणि पुढे काय करायचंय त्यात आहे. भर्तृहरीच्या भाषेत सांगायचं तर काल, लिंग आणि प्रयोजन.

यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टी जरा जवळून बघू.

एक, स्वर. त्वष्ट्याची कथा तुम्हांला माहीत असेल. त्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता. मंत्रात ‘इंद्रशत्रू’ हा शब्द होता. आघात एका जागी दिला तर इंद्राला मारणारा, दुसऱ्या जागी दिला तर इंद्र ज्याला मारतो तो. आघात चुकला आणि वृत्र मारला गेला. पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच व्याकरण का शिकायचं हे सांगताना ही कथा वापरली आहे. लिहून काढलं तर दोन्ही शब्द सारखे दिसतात. जीव गेला तो उच्चारामुळे.

दुसरी गोष्ट, तो ‘आदी’. मम्मट म्हणतो, या वगैरेत अभिनय येतो, म्हणजे हातवारे. त्यासाठी तो एक प्राकृत पद्य देतो. त्यात ‘एवढी, एवढी’ असं वर्णन आहे आणि ते ‘एवढी’ म्हणजे केवढी, हे हातानं दाखवल्याशिवाय कळूच शकत नाही. ज्याला हल्ली ‘मल्टिमोडल’ म्हणतात ती गोष्ट इथे एका ‘वगैरे’त बसलेली आहे. नाट्यशास्त्रानं तर वाचिकाबरोबर आंगिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार भाग धरले. बोलणं हा त्यातला फक्त चौथा हिस्सा.

आपल्याकडे सगळं आधीच सांगितलं होतं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. भर्तृहरीला संगणकाशी देणंघेणं नव्हतं. मुद्दा एवढाच की ही यादी मोजपट्टी म्हणून चांगली आहे. यंत्राला संदर्भ कळतो असं कुणी म्हटलं, की यादीतला कुठला हे विचारता येतं.

फर्थचा अर्धा वारसा

आता विसाव्या शतकात येऊ. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला होता. तिथल्या माणसांचं होड्यांबद्दलचं, मासेमारीबद्दलचं बोलणं त्यानं टिपलं आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करून पाहिलं. हाती काहीच लागेना. 1923 साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या अर्थविषयक पुस्तकाला जोडलेल्या लेखात त्यानं त्याचं कारण मांडलं. ते बोलणं त्या कामाचाच भाग आहे, म्हणून काम समोर ठेवल्याशिवाय शब्द उलगडत नाहीत. याला त्यानं ‘प्रसंगाचा संदर्भ’ म्हटलं.

ही कल्पना लंडनमध्ये जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं उचलली. फर्थ त्याआधी कित्येक वर्षं लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी 1957 साली मांडलेला एक विचार आज संगणक-भाषाविज्ञानाच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात सांगितला जातो : शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून होते. म्हणजे साहचर्य. हा विचार यंत्रात घालता येतो, कारण सोबत मोजता येते. प्रचंड मजकूर घ्या, कुठला शब्द कुणाच्या शेजारी किती वेळा येतो ते बघा. 2013 साली गूगलमधून ‘वर्ड टू व्हेक’ ही पद्धत आली. तिनं प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ दिली आणि सारख्या सोबतीत येणारे शब्द एकमेकांजवळ आले. 2017 साली ‘ट्रान्सफॉर्मर’ आला. त्यात वाक्यातला प्रत्येक शब्द इतर शब्दांकडे बघतो आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतो. त्यामुळे ‘राम’ लक्ष्मणाजवळ वेगळा आणि कार्तवीर्याजवळ वेगळा होऊ शकतो. साहचर्य, विरोध आणि शब्दाचं सान्निध्य, यादीतल्या तीन गोष्टी यंत्रानं खरोखर कमावल्या.

ही कमाई लहान नाही. 1960 साली येहोशुआ बार-हिलेल या तर्कशास्त्रज्ञानं यांत्रिक भाषांतराच्या दाव्यांवर टीका केली होती. त्याचं उदाहरण असं : एक लहान मुलगा खेळण्यांची पेटी शोधतोय आणि ती सापडते ‘पेन’मध्ये. इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलांना खेळायला ठेवतात तो कठडाही. पेटी लेखणीत मावत नाही हे यंत्राला कोण सांगणार, असा त्याचा सवाल होता. आजची यंत्रं असली वाक्यं बहुतेक वेळा सहज सोडवतात. ज्यांनी बार-हिलेलला बरोबर मानलं होतं, त्यांनी हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. मीही करतो.

पण फर्थच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग वाटेत पडला. सोबतीच्या विचाराइतकाच प्रसंगाचा विचार त्यांना महत्त्वाचा होता. प्रसंगात काय काय धरायचं हेही त्यांनी सांगितलं होतं : त्यात भाग घेणारी माणसं, त्यांचं बोलणं, बोलण्याखेरीजचं त्यांचं वागणं, आसपासच्या संबंधित वस्तू, आणि शेवटी त्या बोलण्याचा परिणाम.

हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. परिणाम.

यंत्राच्या जगात ‘कॉन्टेक्स्ट’ याचा अर्थ झाला मागचा मजकूर. ‘कॉन्टेक्स्ट विंडो’ म्हणतात ती खिडकी म्हणजे यंत्र एका वेळी किती मजकूर डोळ्यांसमोर ठेवू शकतं त्याचं माप. खिडकी मोठी झाली की जाहिरात येते, संदर्भ वाढला. माझ्या फोनचं उदाहरण पुन्हा आठवा. माझी खिडकी दहा मिनिटांची होती आणि तिच्यातला सगळा मजकूर दुःखाचा होता. तासभर बोललो असतो, तर मी आणखी खात्रीनं चुकलो असतो.

डोळे आले, कान आले

“अहो, पण आता यंत्राला डोळे-कान दिलेत ना?” बरोबर आहे, दिलेत. आणि ते द्यायलाच हवे होते. आपणही नुसत्या कानानं ऐकत नाही. 1976 साली मॅगर्क आणि मॅक्डोनल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज ‘बा’चा, पडद्यावर ओठांची हालचाल ‘गा’ची. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना ऐकू आलं ‘दा’. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. म्हणजे डोळ्यांनी मिळालेली माहिती नंतर जोडली जात नाही, ती ऐकण्यातच मिसळलेली असते.

संगणकवाल्यांनाही हे लवकर सुचलं होतं. 1980 साली एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक व्यवस्था करून दाखवली. माणूस खुर्चीत बसतो, समोर मोठा पडदा, तो बोट दाखवून म्हणतो, ‘ते तिथे ठेव.’ पडद्यावरची आकृती हलते. ‘ते’ आणि ‘तिथे’ हे शब्द बोटाशिवाय रिकामे आहेत. मम्मटाची ‘एवढी’ आणि बोल्ट यांचं ‘तिथे’ एकाच जातीचे.

पुढे 2021 साली ओपनएआयनं ‘क्लिप’ नावाचं मॉडेल पुढे आणलं. इंटरनेटवरून गोळा केलेल्या 40 कोटी चित्र-मजकुराच्या जोड्यांवर ते शिकवलेलं होतं. त्यामुळे चित्र आणि शब्द एकाच नकाशावर आले. आज एखादी अंध व्यक्ती मोबाइल समोर धरून डब्यावर काय लिहिलंय ते ऐकू शकते, कमी ऐकू येणारी व्यक्ती भाषण चालू असताना त्याचा मजकूर वाचू शकते. या सोयींना नाक मुरडणारा माणूस मी नव्हे.

पण त्याच ‘क्लिप’बद्दल, तिच्या कर्त्यांनीच प्रसिद्ध केलेली एक गोष्ट ऐका. एका सफरचंदावर त्यांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं ‘आयपॉड’. यंत्रानं सांगितलं, हा आयपॉड आहे. आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर हसेल. का हसेल? सफरचंद तर यंत्रालाही दिसलं आणि चिठ्ठीही दिसली. पोराला आणखी एक गोष्ट दिसते : ही चिठ्ठी कुणीतरी मुद्दाम लावली आहे. त्याला चित्रामागचा माणूस दिसतो, त्याचा डाव दिसतो. यंत्राच्या लेखी चिठ्ठी आणि सफरचंद म्हणजे एकाच चित्रातले दोन पुरावे, आणि अक्षरांचा पुरावा भारी पडला. ही विशिष्ट चूक नवी यंत्रं टाळतीलही. मला त्या चुकीत रस नाही, तिनं दाखवलेल्या फटीत आहे. माध्यमं वाढली म्हणजे संदर्भ वाढला असं नव्हे. माध्यम म्हणजे माहिती यायची वाट. त्या वाटेनं कोण आलं आणि कशासाठी आलं, हे विचारलं की संदर्भ सुरू होतो.

आपण की आम्ही?

आता आपल्या भाषेकडे येऊ, कारण इथे ही फट रोज उघडी पडते.

इंग्रजीत ‘आय ॲम टायर्ड’ म्हटलं की झालं. मराठीत ‘मी थकलो’ किंवा ‘मी थकले’ यातलं एक निवडावंच लागतं. इंग्रजी वाक्यात ती माहिती नाही. सिनेमाची उपशीर्षकं करणारा अनुवादक पडद्याकडे बघतो आणि प्रश्न सुटतो. इथे चित्र खरोखर मदतीला येतं. तिथेच इंग्रजी ‘यू’ आला की चित्र पुरत नाही. पडद्यावर मुलगा वडिलांशी बोलतोय हे दिसतं, पण या घरात वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात की ‘ए बाबा’, हे कुठल्या कॅमेऱ्यात येणार? त्यासाठी ते घर माहीत हवं.

आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं : ‘वुई’. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’. समजा, एखाद्या कंपनीची इंग्रजी सूचना आहे, ‘वुई हॅव डिसाइडेड टु क्लोज द फॅक्टरी.’ तिचं मराठी ‘आम्ही कारखाना बंद करायचं ठरवलं आहे’ असं झालं तर निर्णय कुणाचा ते स्वच्छ आहे. ‘आपण कारखाना बंद करायचं ठरवलं आहे’ असं झालं, तर वाचणारा कामगारही त्या निर्णयात ओढला गेला. व्याकरण दोन्हींकडे बिनचूक आहे. फरक जबाबदारीचा आहे. माणूस अनुवादक अशा जागी थांबतो आणि फोन करून विचारतो, “हे नक्की कोण कुणाला म्हणतंय?” यंत्र बहुधा थांबत नाही. ते एक निवडतं आणि पुढे जातं, आणि आपण निवड केली हे वाचणाऱ्याला सांगतही नाही.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. यंत्राला कमी माहिती असते हा आक्षेप नाही, मलाही आत्याबद्दल कमीच माहिती होती. आक्षेप असा आहे की कमी माहिती असताना काय करायचं, हा संदर्भाचाच भाग आहे आणि तो आपण हिशेबात धरत नाही.

भाषाव्यवहाराचे अभ्यासक हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी 1991 साली हे फार चांगलं मांडलं. दोघं बोलतात तेव्हा नुसती वाक्यं फेकत नाहीत. ‘कळलं ना’ याची खात्री ते मिळून करत असतात. मान हलते, भुवई वर जाते, ‘हं’ येतो, ‘म्हणजे?’ येतो. प्रत्येक माध्यमात ही खात्री करायची साधनं वेगळी असतात. समोरासमोर भुवई असते, फोनवर फक्त ‘हं’ उरतो, पत्रात तोही नसतो. आत्याचा तो ‘हं’ मी होकार समजलो. समोर असतो तर कदाचित समजलो नसतो.

2020 साली एमिली बेंडर आणि अलेक्झांडर कोलर यांनी ऑक्टोपसची एक कल्पना मांडली. दोन बेटांवर अडकलेली दोन माणसं समुद्राखालच्या तारेतून एकमेकांना निरोप पाठवतात. एक अतिहुशार ऑक्टोपस ती तार चोरून ऐकतो आणि सवयीनं एकाच्या जागी स्वतःच उत्तरं द्यायला लागतो. गप्पांपर्यंत निभतं. मग एका बेटावर अस्वल येतं, माणूस विचारतो, जवळ काठ्या आहेत, काय करू? ऑक्टोपस अडकतो, कारण काठी नि अस्वल त्यानं कधी पाहिलेलंच नाही. दाखला मोठा बोलका आहे. पण मला तो अपुरा वाटतो. त्यातून असं वाटतं की ऑक्टोपसला डोळे दिले की काम झालं. गेल्या काही वर्षांत झालं ते हेच, डोळे दिले. आता तो अस्वलाबद्दल छान उत्तर देईलही. पण उत्तर चुकलं आणि पलीकडून पुढचा निरोप आलाच नाही, तर ती शांतता ऑक्टोपसला कशी ऐकू येणार? फर्थनी सांगितलेला परिणाम तो हाच.

कुणी म्हणेल, यंत्रांना परिणामही शिकवतात. माणसं उत्तरं वाचून कुठलं जास्त आवडलं ते सांगतात, त्यावरून यंत्र सुधारतं. खरंय. पण जे मोजलं जातं ते उत्तर वाचताक्षणी कसं वाटलं एवढंच. मी आत्याला म्हटलं होतं, “थोडं रडून घे, बरं वाटेल.” त्या क्षणी तिला विचारलं असतं, भाच्याचं उत्तर कसं वाटलं, तर तिनं पैकीच्या पैकी गुण दिले असते. प्रेमाचं, समजूतदार, मागच्या सगळ्या बोलण्याला धरून असलेलं उत्तर होतं ते. फक्त चूक होतं.

उलट वहिनींचं वाक्य बघा. त्यात ना सांत्वन, ना उत्तर. नुसता प्रश्न होता : “नेमकं कुठं?” त्यांना मागचा मजकूर काहीच माहीत नव्हता. पण त्या उंबऱ्याच्या आत होत्या. त्यांनी मूठ पाहिली, आपल्याला पुरतं कळलेलं नाही हे ओळखलं आणि विचारलं. आणि जे उत्तर येईल त्याला धरून धावायची त्यांची तयारी होती.

म्हणून ‘यंत्राला संदर्भ कळतो’ हे वाक्य मी असं दुरुस्त करीन : यंत्राला शब्दांची सोबत चांगली कळते आणि आता वस्तूंची सोबतही कळू लागली आहे. प्रसंग मात्र अजून आपल्याकडेच आहे. जिथे परिणाम मोठा, म्हणजे दवाखाना, कोर्ट, कारखान्याची सूचना, तिथे यंत्राला काम देताना खिडकी किती मोठी आहे हे विचारू नका. विचारा, की शंका आल्यावर हे उलट प्रश्न विचारतं का, आणि चुकलं तर ते कुणाला कळतं.

एवढं बोलून थांबतो.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न : सर, उद्या यंत्र उलट प्रश्न विचारायला लागलं, त्याला शरीरही दिलं, ते त्या खोलीत उभं राहिलं, तर तुमचा आक्षेप संपेल का?

उत्तर : बराचसा संपेल, आणि संपला तर मला आनंदच होईल. उलट प्रश्न विचारणारं यंत्र करणं अशक्य आहे असं मी म्हणालो नाही. आज आपण त्याचं कौतुक करतो ते झटपट उत्तरासाठी. ‘मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगा’ असं त्यानं म्हटलं की आपणच वैतागतो. तेव्हा यंत्र बदलण्याआधी गिऱ्हाइकाला, म्हणजे आपल्यालाही थोडं बदलावं लागेल. राहिली एक गोष्ट. वहिनी दुसऱ्या दिवशीही दवाखान्यात गेल्या, डबा घेऊन. आदल्या दिवशी आपण बरोबर ऐकलं की नाही, ते त्यांना तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी परत जाणारं यंत्र तुम्ही केलंत, तर मला नक्की बोलवा. मी बघायला येईन.

आता निघायला हवं, सभागृह नऊ वाजता बंद करतात. येतो.